पंचफुलाबाई आणि पालथा बायोडेटा

पंचफुलाबाई तायडे कुणाचाही बायोडेटा लगेच वाचत नाहीत. हातात घेतात, टेबलावर पालथा घालतात, त्यावर डावा तळहात ठेवतात आणि समोरच्याकडे बघून म्हणतात, "हं. आता सांग."

समोरचा बहुतेक वेळा नुकताच समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेला असतो. इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकचं फोल्डर, फोल्डरात चार पानं. ती पानं त्यानं कॉलेजातल्या सीनियरकडून आणलेली असतात आणि सीनियरनं त्याच्या सीनियरकडून. नाव आणि जन्मतारीख तेवढी बदललेली. त्याला वाटत असतं, बाई दोन पानं चाळतील, एखादं स्पेलिंग सुधारतील आणि 'छान आहे' म्हणतील. कागद पालथा झाला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

"काय सांगू, बाई?"

"तू काय काम केलं ते."

"त्यात लिहिलं आहे ना."

"त्याच्यात लिहिलं ते मी मंग वाचीन. हा कागद हरपला समज. आता सांग."

मग तो जे काही अडखळत, खाकरत, छताकडे बघत सांगतो, ते बाई मला टाइप करायला लावतात. चार पानांची दीड पानं होतात, दीडाचं एक. आणलेली पानं बहुतेक जण माझ्या दुकानातच विसरून जातात. त्यांच्या कोऱ्या बाजूवर माझी बायको बाजाराची यादी लिहिते. आमच्या घरात गेली चार वर्षं कांदे आणि लसूण 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'च्या पाठीवरून येतात.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान डोणगावच्या बसस्टँडसमोर आहे. मेहकर तालुक्यातलं आमचं हे गाव बाजारपेठेचं, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कशा ना कशाला येतातच. दुकानाच्या पाटीवर मी लिहून घेतलं होतं, 'येथे सर्व प्रकारचे बायोडेटा करून मिळतील.' सगळा घोटाळा त्या 'सर्व प्रकारचे' मध्ये झाला.

त्याचं असं झालं. माझ्याकडे बायोडेटाची एकच फाइल होती. नाव, जन्मतारीख, शिक्षण, पत्ता. आता हे लग्नालाही लागतं आणि नोकरीलाही. नोकरीचं गिऱ्हाईक आलं की मी उंची, रंग, रास आणि मामाकुळ तेवढं पुसून टाकायचो. विद्या नावाची मुलगी आली. एका संस्थेत समुदाय संघटकाची जागा निघाली होती. मी उंची पुसली, रंग पुसला, रास पुसली. दुसऱ्या पानावरची शेवटची ओळ नजरेतून सुटली. अर्ज गेला. आठ दिवसांनी संस्थेतून फोन आला. बोलणारा माणूस सज्जन होता. तो म्हणाला, "विद्याताई, तुमची अपेक्षा वाचली. आमची संस्था निर्व्यसनी आहे, पण दोन एकर बागायती मात्र आमच्याकडे नाही."

विद्या दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या पंचफुलाबाई माझ्या दुकानात आल्या.

बाईंना मी ओळखत होतो. सगळं गावच ओळखतं. एकतीस वर्षं त्या अंगणवाडीच्या सुपरवायझर होत्या. बुटक्या, सुती पातळ, पांढरी शुभ्र वेणी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा आणि खांद्यावर नोकरीतली काळी बॅग. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. एकुलती मुलगी प्रज्ञा नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. रिटायर झाल्यावर बाई काय करतात, हे तोवर कुणाला नीट माहीत नव्हतं. बहुतेक बाईंनाही नसावं.

त्या आत आल्या, बाकावर बसल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "गजू, तुह्या दुकानात माणूस लग्नाले उभं राह्यलं का कामाले, हे तुले समजते का?"

मी माफी मागितली. बाईंनी पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "विद्याचा कागद काढ. आता मी सांगतो तसा कर." आणि जाताना, "उद्यापासून दहाले येत जाईन. एक वाजेपर्यंत. चहा बिनसाखरेचा."

मी विचारलंही नव्हतं. तेव्हापासून चार वर्षं झाली.

बाईंचं सगळ्यात जुनं वैर 'तळमळ' या शब्दाशी. समाजकार्याचा अर्ज आणि त्यात तळमळ नाही, असं आमच्याकडे होत नाही. 'मला बालपणापासून समाजसेवेची तळमळ आहे' असं कुणी म्हणालं, की बाई काळजीनं विचारतात, "तळमळ जेवाच्या पयले होते का जेवल्यावर?"

मुलगा माझ्याकडे बघतो.

"जेवल्यावर होत असन तं ओवा खाय. अर्जात काऊन लिहितं?"

'आवड' त्यांना तितकीच नकोशी. "आवड मले भरताचीबी हाये. म्हणून कोणी मले वांग्यावरचा अधिकारी करते का?" आणि 'अनेक गावांमध्ये विविध उपक्रम राबविले' हे वाक्य ऐकलं की त्या बोटं पुढे करतात. "अनेक म्हणजे किती?"

"तीन, बाई."

"मंग तीन लिही. तीन काई कमी नाई. अनेक लिहिलं का वाचणाऱ्याले वाटते, यानं एकबी केलं नसन."

त्यांचे प्रश्न मोजून तीनच. किती जणाइले? कोण्या गावात? मंग काय झालं? एवढ्या तीन प्रश्नांवर त्यांनी भलेभले सुवर्णपदकवाले घामाघूम केलेले मी पाहिले आहेत. एकदा एकजण म्हणाला, "महिला सक्षमीकरणासाठी जनजागृती केली."

"मंग काय झालं?"

"जागृती झाली."

"कोण जागी झाली? कुठं राह्यते?"

अर्धा तास गेला. शेवटी त्या मुलाला आठवलं, की फील्डवर्कच्या वेळी त्यानं चार बायकांना खातं उघडायला बँकेत नेलं होतं. एकीच्या आधारवर नाव माहेरचं, दुसरीचा अंगठा उठत नव्हता. तो त्यांच्याबरोबर तीन चकरा मारून आला आणि चौघींची खाती उघडली. हे सांगताना त्याला जरा लाजच वाटत होती. म्हणाला, "पण हे तर साधंच आहे, बाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पाह्य गजू. सोनं खिशात ठेवलं अन् पितळ कागदावर लिहून आणलं."

छंदांच्या रकान्यावर त्यांचा विशेष डोळा. 'वाचन, संगीत, प्रवास' असं सांगणाऱ्या एकाला त्यांनी विचारलं, "प्रवास कुठं केला?"

"मेहकरला."

"कायले?"

"झेरॉक्स काढायला."

बाई एवढंच म्हणाल्या, "अन् मंग गजूच्या दुकानात काय चूल हाये?"

बायोडेटासोबतच्या पत्राचं प्रकरण वेगळंच. मुलं ते पत्र 'आपल्या नामांकित संस्थेत' असं सुरू करतात आणि तेच सात ठिकाणी पाठवतात. एकानं वृद्धाश्रमाच्या अर्जात लिहिलं होतं, 'बालकांच्या सर्वांगीण विकासासाठी मी झटेन.' बाईंनी ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला. "त्या म्हाताऱ्याइचा सर्वांगीण विकास कधीचा झाला, बाप्पा. आता त्याइले काठी पाह्यजे, चष्मा पाह्यजे, अन् कोणीतरी बोलाले पाह्यजे. तू त्याच्यातलं काय करशीन, ते लिही."

पत्राचं त्यांचं गणित ठरलेलं आहे. पहिल्या परिच्छेदात मी कोण आणि कोणत्या जागेसाठी लिहितो आहे. दुसऱ्यात, तुम्ही ज्या माणसांत काम करता, तसल्या माणसांत मी आजवर काय केलं. तिसऱ्यात, बोलावलंत तर कधी येऊ शकतो. खलास. आणि सगळं एका पानात. "निवडणाऱ्याच्या टेबलावर शंभर कागद राह्यतात. त्याचा चहा थंडा व्हाच्या पयले तुहं पत्र वाचून झालं पाह्यजे." एका मुलीनं दोन पानांचं पत्र आणलं, तेव्हा त्यांनी खरंच चहा मागवून समोर ठेवला आणि तिलाच ते मोठ्यानं वाचायला लावलं. वाचन संपेस्तोवर चहावर साय धरली होती. मुलगी स्वतःच म्हणाली, "बाई, हे दुसरं पान काढूया."

ही सवय बाईंच्या अंगात एवढी भिनली आहे, की ती दुकानापुरती राहत नाही. आठवडी बाजारात एक भाजीवाली 'ताजी मेथी, ताजी मेथी' असं ओरडते. बाईंनी तिच्यापुढे उभं राहून विचारलं, "ताजी म्हणजे किती वाजता उपटली?" ती म्हणाली, पाचला. "मंग पाचले उपटली म्हण." पुढच्या बाजारी तिनं खरोखरच 'पहाटे पाचले उपटलेली मेथी' असा पुकारा केला आणि दुपारच्या आत तिचं टोपलं रिकामं झालं. त्याच्या पुढच्या बाजारी शेजारचा माणूस 'पहाटे साडेचारची वांगी' विकत होता. बाई तिथंही थांबल्या. "साडेचारले तं अंधार राह्यते. तुले किडकं वांगं कसं दिसलं?" त्यानं निमूटपणे आपली वांगी सव्वासहावर आणली.

एकदाच मी बाईंना खरोखर चिडलेलं पाहिलं. एक हुशार, चटपटीत मुलगा आला होता. तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यानं फटाफट दिली. पत्रात एका बाईची हकिगत होती, नवरा मारायचा तिला, यानं मदत केली. त्यानं तिचं नाव, आडनाव, गाव, सगळं लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, "तिले विचारलं होतं का?"

"नाही. पण बाई, तुम्हीच म्हणता, नाव सांगा, गाव सांगा."

"मले सांग म्हणलं. दहा हापिसात वाट म्हणलं नाई." बाईंनी पत्रावर बोट आपटलं. "तिनं तुह्यापाशी दुखणं सांगितलं. ते तुह्या नोकरीची शिडी नाई." मग जरा वेळानं, माझ्याकडे वळून, "चूक माहीबी हाये, गजू. मी किती अन् कुठं विचारत बसली. हे सांगाचं राह्यलं." त्या दिवसापासून नाव फक्त बाईंच्या कानापर्यंत, कागदावर 'एक महिला' एवढंच. तो मुलगा आता एका संस्थेत चांगल्या जागेवर आहे आणि नवीन येणाऱ्यांना हीच गोष्ट स्वतःची चूक म्हणून सांगतो, असं ऐकतो.

बायोडेटाच्या तळाशी 'संदर्भ' नावाचा रकाना असतो. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं लिहा, संस्थेला वाटलं तर ती त्यांना फोन करील. खेड्यातल्या मुलांची गाडी इथं अडते. एक नाव कॉलेजच्या सरांचं. दुसरं कुठून आणायचं? अशा वेळी बाई म्हणतात, "माहं लिही."

पहिल्यांदा त्या असं म्हणाल्या तेव्हा मी गमतीनं विचारलं होतं, "बाई, तुम्ही प्रतिष्ठित आहात का?"

"एकतीस वर्षं लोकाइची लेकरं तोलली बाप्पा. मले वजन समजते."

पण नाव द्यायच्या आधी त्या स्वतः जाऊन खात्री करतात. बसनं, ऑटोनं, जमेल तसं त्या गावी जायचं, ओट्यावर बसायचं, चार बायकांना विचारायचं. एक मुलगा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, सोनाळ्याहून आला होता. बाई त्याच्यासाठी तीन बस बदलून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पोट्टं खरं हाये. फक्त दोन वर्षं सांगते ती पावणेदोन हायेत." असे तीसेक बायोडेटे आज बाहेर फिरत आहेत, ज्यांच्या तळाशी पंचफुलाबाई तायडे, डोणगाव, असं लिहिलेलं आहे. त्यांचा फोन कापडी पिशवीत गळ्यात असतो. आंघोळीला जाताना त्या तो विद्याकडे देऊन जातात.

मागच्या हिवाळ्यात ज्योती आली. आठ किलोमीटरवरच्या खेड्यातली, पस्तिशीच्या आसपासची. फोल्डर नव्हतं, कापडी पिशवी होती, तिच्यात एकच कागद. बुलढाण्याला एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी काम करणारी संस्था होती, तिथं जागा निघाली होती. ती बाईंकडे न बघता माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "दादा, मधली चार वर्षं लपवता येतील का?"

बाईंना ऐकू गेलं. त्यांनी कागद पालथा घातला. "काय झालं त्या चार वर्षांत?"

"काहीच नाही, बाई. घरीच होती. सासूबाईंना लकवा झाला. त्यांचं सगळं करावं लागे."

"अन्?"

"अन् काही नाही. मी घरी असते हे माहीत झालं, म्हणून बाया कागद घेऊन येत. निराधारच्या पेन्शनचे. सासूबाईंजवळ बसून मी फॉर्म भरून देई."

"किती जणीइचे?"

"मोजले नाहीत."

"मोज."

ज्योतीनं बोटं धरली. एकेका बाईचं नाव घेऊन ती मोजत गेली. एकोणीस झाल्या.

"मंग काय झालं?"

"चौदा जणींची सुरू झाली. दोघींचे कागद अडले आहेत. एक वारली. दोघी लेकाकडे गेल्या, त्यांचा पत्ता नाही."

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "लपवाची गोष्ट हे होती का वं, माय?"

ती चार वर्षं बायोडेटात सगळ्यात वर आली. बाई दुसऱ्याच दिवशी तिच्या गावी गेल्या, चौदापैकी अकरा जणींना भेटल्या आणि दुपारी येऊन मला संदर्भाचा रकाना सांगितला. नाव, पत्ता, फोन. 'उमेदवाराशी नाते : काही नाही. ओळख : कालपासून.'

मी म्हणालो, "बाई, निदान 'परिचित' लिहू."

"कालपासून हाये तं कालपासूनच लिही."

ज्योतीचा अर्ज गेला आणि आठ-दहा दिवसांनी प्रज्ञा आली.

प्रज्ञा आईला नागपूरला न्यायला दरवर्षी यायची आणि दरवर्षी एकटीच परत जायची. कधी बाईंकडे कुणी मुलाखतीच्या तयारीला येणार असायचं, कधी कुणाचा निकाल लागायचा असायचा. या वेळी ती घरी न जाता, बसमधून उतरून थेट दुकानात आली. आईची सकाळची जागा तिला माहीत होती. "जय भीम, दादा," मला म्हणाली आणि बाकावर आईच्या शेजारी बसली.

"आई, दोन तिकिटं काढली. उद्या सकाळची बस हाये."

"उद्या कसं जमन?"

"काऊन नाई जमन?"

बाईंनी बॅगेची चेन उघडली, पुन्हा लावली. "तीस जणाइच्या कागदावर माहा पत्ता डोणगावचा हाये. मी नागपूरले राह्यली तं ते तीस कागद खोटे पडतीन."

"पण फोन तं गळ्यात हाये न, आई. तो नागपुरातबी वाजते."

खरं सांगायचं तर हे माझ्याही मनात कैक वेळा आलं होतं. बोलायची छाती झाली नव्हती. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो पार दिसेनासा होईपर्यंत बाई त्याच्याकडे बघत बसल्या.

"तू ड्युटीवर जाशीन," मग त्या म्हणाल्या. "बिल्डिंगमधले मले आजी म्हणतीन अन् लिफ्टचं दार धरतीन. बस. इथं दिवसातून दोघं-तिघं तरी विचारतात, बाई कुठं हायेत."

मी प्रिंटरमध्ये कागद भरायला लागलो. तेवढ्यात बाईंच्या गळ्यातला फोन वाजला.

बुलढाण्याहून फोन होता, ज्योतीबद्दल. बाई ताठ बसल्या आणि त्यांनी आपली खास ऑफिसची भाषा काढली. "नमस्कार. होय, मी पंचफुला तायडे बोलत आहे. होय, सदर उमेदवारास मी ओळखते." ती भाषा दोन वाक्यं टिकली. तिसऱ्याला त्या घसरल्या. "आता मी तुम्हाले सांगतो, त्या गावात मी सोता जाऊन आली."

वीस मिनिटं त्या बोलत होत्या. सासूला कुशीवर वळवून ज्योती त्याच पलंगाच्या कडेला फॉर्म कशी भरायची. एका बाईला सही करता येत नव्हती, तिला तिनं आठ दिवस नाव गिरवायला लावलं आणि मगच अर्ज नेला. दोघींचे कागद नेमके कशानं अडले आहेत आणि त्यासाठी ती अजून चकरा मारते. पलीकडच्या माणसानं बहुधा विचारलं, की तिच्यात काही कमी आहे का. बाई म्हणाल्या, "हो, हाये न. केलेलं सांगत नाई. तुम्हाले खोदून विचारा लागन."

प्रज्ञा आईकडे एकटक बघत होती. फोन ठेवल्यावर बाईंनी तो पिशवीत घातला, पिशवीची गाठ नीट केली. प्रज्ञा हलक्या आवाजात म्हणाली, "आई, माह्याबद्दल कोणी विचारलं असतं तं काय सांगितलं असतं?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. पण तिच्या नोकरीच्या वेळी आईनं तिचा अर्ज पाहिलाही नव्हता, हे मला माहीत होतं. तेव्हा बाई कुठल्या तरी गावात वजनकाटा घेऊन फिरत होत्या.

"तुह्याबद्दल?" बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या विषय बदलतील. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि सावकाश बोलायला लागल्या, मघाच्याच आवाजात, जणू पलीकडे अजून कुणी ऐकत होतं.

"चौथीत होती. तुहे बाबा गाडीवर, मी दौऱ्यावर. लोकाइच्या लेकराइले खाऊ भेटला का नाई, हे मी पाहात हिंडो, अन् तू घरी स्टुलावर उभी राहून भाकरी करे. एकदा तुहं मनगट पोळलं. मले सांगितलं, खेळताना खरचटलं. मी दुसऱ्या दिवशी घरी राह्यली असती, माहा दौरा बुडाला असता, म्हणून सांगितलं तसं. पोळलेलं कोणतं अन् खरचटलेलं कोणतं, हे मले समजत नाई का? मले समजलं होतं. तरी मी गेली."

त्यांनी काळी बॅग जवळ ओढली.

"त्या दिवशी एका लेकराचं वजन माह्या हातून चुकलं. दोनदा तोललं. एकतीस वर्षांत तेवढंच एक."

प्रज्ञानं आपलं मनगट बघितलं नाही, पण बाही खाली ओढली. "तुले माहीत होतं?"

"हो."

"मी ऐन उन्हाळ्यात लांब बाह्याचा फ्रॉक घालत होती, आई. महिनाभर. तुले दिसू नये म्हणून."

"तेबी पाह्यलं," बाई म्हणाल्या. "निळा होता. घामानं पाठ भिजे तुही."

प्रज्ञाला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. बाई मात्र रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "गजू, तीन चहा सांग. आज माह्यात साखर टाकाले सांग."

ज्योतीला निवडल्याचा फोन त्याच दिवशी दुपारी आला. बाईंनी ती बातमी विद्याला, मला, माझ्या बायकोला आणि बसस्टँडवरच्या कंट्रोलरला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं, तर समोर मायलेकी बसची वाट बघत उभ्या होत्या. काळी बॅग प्रज्ञाच्या खांद्यावर होती. बाई रस्ता ओलांडून आल्या. "पंधरा दिवसाइसाठी चालली. पंधराच. कोणी आलं तं बसव, पाणी दे अन् मले फोन लावून दे." मी हो म्हणालो. नागपूरची बस आली. प्रज्ञानं आईला खिडकीजवळची जागा दिली.

बस सुटेपर्यंत मी बघत होतो. बाई बोलत होत्या आणि प्रज्ञा त्यांच्याकडे वळून ऐकत होती. इंजिनाच्या आवाजात मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. बस वळली तेव्हा एवढंच दिसलं, की बाईंनी मुलीची बाही कोपरापर्यंत वर सारली होती आणि तिचं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं.